फुगलेली नळी

हेमलताबाईंनी वाक्य लिहिलं : ‘सातार्डेकर, तुमच्या गाडीची नळी फुगली आहे, ती बदला.’ शेवटचा शब्द पुरा होतो न होतो तोच त्यांच्या छातीत कळ आली. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोठ्यानं ‘अहो, तुमचं पातळ फाटलंय’ म्हणावं आणि सगळ्या माना वळाव्यात, तशी ती कळ होती. त्यांनी घाईघाईनं वाक्य पुसलं. कळ थांबली.

मग त्यांनी लिहिलं : ‘गाडी छान आहे. नळीकडे एकदा नजर टाकाल का?’ या वेळची कळ लहान होती, पण होतीच. तेही पुसलं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘वा! काय झळकतेय गाडी!’ आणि मनगटापासून कोपरापर्यंत गरम दुधासारखी ऊब चढली. बोट ‘पाठवा’वर गेलं आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली. तेही न पाठवता त्या उठल्या.

या कळेला आणि या उबेला ‘पडसाद’ म्हणत. पूर्वी घड्याळ असायचं तसा आता प्रत्येकाच्या मनगटावर पडसादाचा पट्टा असे. तुम्ही एखाद्याला काही लिहायला घेतलंत, की ते वाचून त्याला काय वाटेल ते हा पट्टा तुम्हाला आधीच जाणवून देई. समोरचा दुखावणार असेल तर आधी तुम्हाला दुखे, सुखावणार असेल तर आधी तुम्हाला गोड वाटे. बंदी कशावरच नव्हती. शिवी लिहायचीय? खुशाल लिहा. पण ती आधी स्वतः खावी लागे, आणि स्वतःची शिवी पोटभर खाऊन मग ती दुसऱ्याला वाढणारे शूर फार थोडे निघाले.

हा पट्टा ‘फटफट कट्ट्या’वर आणला तो हेमलता मगदूम यांनीच. त्याची हकिगत सांगायला हवी.

जमिनीतून तेल उपसणं बंद होऊन तेव्हा एक पिढी लोटली होती. रस्त्यावरून विजेच्या गाड्या सुळकन जायच्या, आवाज नाही की धूर नाही. पण जुनी इंजिनं जपणारे काही हजार वेडे महाराष्ट्रात शिल्लक होते. कुणाकडे आजोबांची मोटरसायकल, कुणाकडे जीप. इचलकरंजीच्या हेमलताबाईंकडे त्यांच्या दिवंगत यजमानांचा तीनचाकी डिझेल टेम्पो होता, ज्यातून ते हयातभर कापडाचे तागे पोचवत. ही सगळी मंडळी फटफट कट्ट्यावर जमत. प्रत्यक्षात नव्हे, पडद्यावर. आणि पेट्रोल-डिझेल तर मिळत नाही, मग इंजिनात घालायचं काय, यावर तिथं हाणामाऱ्या चालत.

कोल्हापूरचे उदाजीराव सरनोबत करंजाच्या बियांचं तेल जीपमध्ये घालत. सावंतवाडीकडचे आत्माराम सातार्डेकर काजूचे बोंडू आंबवून त्यांतून काढलेलं अल्कोहोल मोटरसायकलला पाजत आणि त्याला ‘बोंडार्क’ म्हणत. हायड्रोजनवाले स्वतःला सगळ्यांपेक्षा शुद्ध समजत. हेमलताबाई परसातल्या निळ्या पिंपांत शेवाळ वाढवत, ते वाळवत, पिळत आणि त्याच्या तेलावर टेम्पो चालवत. इंधनाचा वाद मुळातच तापट. सरनोबत बोंडार्काला ‘दारू’ म्हणाले. सातार्डेकर करंजतेलाला ‘देवळातल्या समईचं उरलेलं’ म्हणाले. मग एकमेकांच्या इंजिनावरून गोष्ट घराण्यावर गेली, दोघांच्या आया निघाल्या, प्रकरण कोर्टात जाऊन आलं. रोज चार माणसं कट्टा सोडून जाऊ लागली. तेव्हा कट्टाप्रमुख म्हणून हेमलताबाईंनी नियम केला : पट्टा असेल तोच इथं लिहील.

आणि जादू झाली. आठवड्याच्या आत सरनोबतांनी लिहिलं, ‘बोंडार्काचा निळसर रंग मनाला प्रसन्न करतो.’ सातार्डेकरांनी उत्तर दिलं, ‘करंजतेलात एक खानदानी संथपणा आहे.’ सहा वर्षं झाली, कट्ट्यावर आवाज चढला नव्हता. मासे पाळणाऱ्यांचे, बोन्सायवाल्यांचे, जुन्या नाण्यांवाल्यांचे कट्टे बाईंकडे सल्ला मागायला येत, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. का नसावा? भांडकुदळ माणसांना त्यांनी माणसांत आणलं होतं.

घरीही पडसादानं सुखच आणलं. मुलगा सन्मती आणि सून श्रेया तीन वर्षांपूर्वी सांगलीला राहायला गेले, श्रेयाच्या कचेरीजवळ. पण रोज सकाळी सन्मतीचा इतका मायेचा निरोप यायचा की मुलगा लांब गेलाय असं वाटू नये. घर रिकामं झालं, परसात पिंपं वाढली. बाई मजेत होत्या.

मजेत होत्या, तोवर सातार्डेकरांनी तो फोटो टाकला.

माघातला दुसरा रविवार म्हणजे धूरदिवस. वर्षातला हा एकच दिवस सरकार जुन्या इंजिनांना रस्ता देई, अट एवढीच की टाकीत जमिनीखालचं तेल नको. त्या दिवशी सगळा कट्टा आंबोली घाटाच्या पायथ्याशी प्रत्यक्ष जमे आणि धडधडत घाट चढे. गावोगावची माणसं पोरंबाळं घेऊन रस्त्याच्या कडेला बसत, नुसता तो आवाज ऐकायला. हेमलताबाईंचा त्या दिवशी मोठा मान असे. त्यांचा टेम्पो उभा राहिला की भोवतीची जागा सगळे आपणहून मोकळी सोडत, आणि सर्वांवर लक्ष राहावं म्हणून मिरवणुकीत तो सगळ्यांत शेवटी ठेवत. एकटे सातार्डेकर तेवढे दरवर्षी टेम्पोला टेकून गप्पा मारत. त्यांना रीतभात कमी, असं बाईंना वाटे.

यंदाच्या फोटोत सातार्डेकरांची मोटरसायकल होती, तिला जोडलेल्या बाजूच्या डब्यात त्यांच्या पत्नी शेवंताबाई बसल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं : ‘यंदा घरकारीण सोबत. घाट दोघांनी चढायचा.’ टाकीपासून इंजिनाकडे येणारी रबराची नळी फोटोत स्वच्छ दिसत होती. ती अजगरानं काहीतरी गिळल्यासारखी मध्येच फुगली होती.

त्याचा अर्थ कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होता. जुनं रबर अल्कोहोल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. चढावर इंजिन तापलं की अशी नळी फाटायची, बोंडार्क तापलेल्या धुराड्यावर सांडायचा आणि भडका उडायचा. त्यात अल्कोहोलची ज्वाळा भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. डब्यात बसलेल्या बाईला आग लागलीय हे चटका बसल्यावरच कळणार.

फोटोखाली शेकडो प्रतिक्रिया होत्या. ‘राजेशाही थाट!’ ‘वहिनी शोभून दिसतात.’ सरनोबतांनी लिहिलं होतं, ‘नळीचा रंगही खुलून दिसतो आहे.’ ते वाचून बाईंच्या अंगावर काटा आला. म्हणजे सरनोबतांनी नळी पाहिली होती. सगळ्यांनीच पाहिली होती, आणि प्रत्येकानं आपली कळ टाळून ऊब घेतली होती.

फोन करावा म्हटलं तर थेट आवाजात बोलण्याची रीत कधीच मोडली होती. फोनला पडसाद नसतो, मग समोरच्याला काय वाटेल ते कळणार कसं? कुणी मेलं तरच लोक फोन करत. बाईंनी तरीही सातार्डेकरांना केला. तो वाजून वाजून थांबला. धूरदिवस तीन दिवसांवर आला होता. बाईंनी पिशवी घेतली आणि कोल्हापूर गाठलं.

पडसाद बनवणाऱ्यांपैकी एक, डॉ. मुग्धा परुळेकर, यांची प्रयोगशाळा रंकाळ्याच्या काठी होती. पट्टा आणताना बाईंची त्यांच्याशी ओळख झाली होती. डॉक्टरीणबाईंच्या हाताला पट्टा नव्हता, हे बाईंना पहिल्याच नजरेत दिसलं. समोर चहा आला.

“पिऊ नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दूध करपलंय. वास आला नाही तुम्हाला?”

हेमलताबाई दचकल्या. इतकं रोखठोक त्यांना कितीतरी दिवसांत कुणी बोललं नव्हतं. “मला वास येतच नाही हो,” त्या म्हणाल्या. “तिशीत एक ताप आला होता, तेव्हापासून नाक गेलं. कुणाला सांगत नाही, आपलं चालून जातंय.”

मग त्यांनी नळीची सगळी कथा सांगितली आणि विचारलं, “मला जी कळ आली, ती सातार्डेकरांचीच ना? इतकं लागणार असेल त्यांना, तर कसं सांगू मी?”

“ती त्यांची नव्हे, त्यांच्या सावलीची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नीट सांगते. तुम्ही काही वाचता तेव्हा तुमचा पट्टा तुमची नाडी मोजतो, कातडीवरचा घाम मोजतो, श्वास मोजतो. कुठल्या ओळीला तुम्ही खुलता, कुठल्या ओळीला आक्रसता, ते टिपून ठेवतो. अशा हजारो ओळींवरून यंत्रात तुमची एक नक्कल तयार होते. तिला आम्ही सावली म्हणतो. मी तुम्हाला काही लिहायला घेतलं, की ते आधी तुमची सावली वाचते. तिला जे होतं ते माझ्या मनगटातल्या मज्जातंतूंना बारीकसा विजेचा झटका देऊन मला जाणवून दिलं जातं.”

“म्हणजे खरंच की.”

“खरं, पण कुठवर? मला सांगा, सहा वर्षांत सातार्डेकरांना कुणी एक तरी कडू ओळ लिहिलीय?”

“छे! आमच्या कट्ट्यावर?” बाई ताठ बसल्या.

“मग कडू ऐकून तो माणूस काय करतो हे सावलीला कळणार कसं? ती अंदाज बांधते. रोज श्रीखंड खाणाऱ्याला भाकरीसुद्धा कडू लागेल, असा तिचा अंदाज. पहिल्या वर्षी ‘हे चूक आहे’ लिहिलं की जेवढी कळ यायची, तेवढी आता ‘जरा बघता का’ लिहिलं तरी येते. म्हणून लोक आणखी मऊ लिहितात. म्हणून सावली आणखी नाजूक होते. हे चक्र आमच्या ध्यानात आलं नाही.”

“आणि माणूस? तोही नाजूक होत जातो?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. “ते मला माहीत नाही. सावली काचेची झाली असेल आणि माणूस सागवानी राहिला असेल. किंवा दोघंही काचेचे झाले असतील. खरं बोलून बघितल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि बोलून बघायला कुणी तयार नाही.”

“मग तुम्ही हे लोकांना सांगत का नाही?”

“सांगितलं की. मोठा अहवाल लिहिला. फार सुंदर लिहिलाय असं सगळ्यांनी कळवलं.”

बाईंना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. “माझीही सावली असेलच की हो.”

“असणारच. आणि तुम्ही पडलात कट्टाप्रमुख. तुम्हाला काही सांगायला घेतलं की लोकांना काय होत असेल, ते त्यांनाच ठाऊक.” डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कपांतला चहा मोरीत ओतला. “तोंडावर जाऊन सांगा त्यांना. फार तर रडतील.”

पुढचे दोन दिवस बाईंनी टेम्पोसमोर उभं राहून सराव केला. ‘सातार्डेकर, तुमची नळी फुगलीय.’ टेम्पोला सांगतानासुद्धा जीभ अडखळत होती. मधल्या शब्दांत नकळत ‘छान’ घुसत होता. डोळ्यांपुढे चित्र दोनच. एकात सातार्डेकर अपमानानं पांढरे पडून कायमचे निघून जातात, मागोमाग कट्टा फुटतो, सहा वर्षांची शांतता मातीत जाते. दुसऱ्यात घाटातलं चौथं वळण, आणि उन्हात न दिसणारी आग.

धूरदिवशी घाटाच्या पायथ्याशी नुसती जत्रा होती. आदल्या दिवशी विजेच्या ट्रकांवर लादून आणलेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, कुणी कल्हई केल्यासारखी चकचकीत, कुणी मुद्दाम गंजकी. भजी तळली जात होती. एखादं इंजिन खोकत सुरू झालं की कडेची पोरं टाळ्या पिटत. आणि कट्ट्याची मंडळी हात जोडून एकमेकांची स्तुती करत फिरत होती. ‘काय सुरेख धूर आहे आपला!’ ‘छे छे, आपल्या धुरापुढे काहीच नाही!’ कागदी फुलांचं दुकान मांडावं तसा सगळा प्रकार.

हेमलताबाई सातार्डेकरांच्या मोटरसायकलीपाशी गेल्या. शेवंताबाई डब्याशेजारी उभ्या होत्या, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. नळी तिथंच होती. फोटोतल्यापेक्षाही फुगलेली.

बाईंनी मनगटावरचा पट्टा काढून पिशवीत टाकला. पट्टा नसतानाही छातीत कळ आली, आणि ही कळ मात्र अगदी स्वतःची होती.

“सातार्डेकर,” त्या म्हणाल्या, आणि घाबरल्यामुळे आवाज ठरवल्यापेक्षा चौपट मोठा निघाला. “ही नळी सडलीय! डोळे फुटलेत का तुमचे? बायकोला जाळायला निघालाय होय? असली गाडी मी घाटात एक पाऊल चढू देणार नाही!”

भजीवाल्याचा झारा हवेत थांबला. सातार्डेकर बाईंकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. झालं, बाईंना वाटलं, काचेचाच निघाला.

“सा वर्सां!” सातार्डेकर ओरडले. “सा वर्सां झाली, माका कोण एक वायट बोलूक नाय!” आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरून असे हलवले की बांगड्या वाजल्या. “देवच पावलो! वयनी, ह्या नळीत थेंब नाय. ही शोभेची! खरी नळी टाकीच्या पाठसून गेलीसा, नवीकोरी. ही सडकी मिया मुद्दाम लावलंय, कोण काय बोलता काय बघूक!”

“मुद्दाम?”

“तर काय! गेल्या वर्सा धुराडा उलटा लावून फोटो टाकलंय. तुमी काय लिवलात ता आठवता? ‘नवी दृष्टी’!”

बाईंना आठवलं. चांगली ऊब आली होती तेव्हा.

शेवंताबाई पुढे झाल्या. “मीच ह्यांका सांगितलंय. ज्या माणसांका नळी दिसणा नाय, तेंच्या वांगडा मी घाट चढूचंय नाय. एक तरी कोण बोलांदे, मगे बसतंय.” त्यांनी हेमलताबाईंकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि पदर खोचून डब्यात बसल्या. “ह्येंका भांडूक कोण नाय म्हणान सा वर्सां माझ्याच डोक्यार बसलेहत. आता तुमी सांभाळा.”

तेवढ्यात गर्दीतून सरनोबत आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम टिपला, घसा साफ केला. हातातला पट्टा त्यांनी आधीच काढला होता.

“आत्माराम,” ते म्हणाले, “एक सांगू का?”

“सांग.”

“नळी खरी आसू दे न्हाईतर खोटी. तुजी ती काजूची दारू हाय न्हवं, ती इंधनच न्हवं. गाडी पळत्या कमी आन् मालकाला चढत्या जास्त!”

“आणि तुजा ता समईचा त्याल?” सातार्डेकरांनी बाह्या सरसावल्या. आनंदानं त्यांचा आवाज फुटत होता. “थंडीत गोठता! सकाळी जीप चालू करूक तू खाली शेकोटी पेटवतंस, ह्या आख्ख्या कोल्हापुराक म्हायत हा!”

“शेकोटी? आरं, गेल्या साली तुज्या टाकीत पाणी शिरलं, तवा माझ्याच दोरीनं वढलं तुला!”

अल्कोहोल हवेतलं पाणी शोषून घेतं, करंजतेल थंडीत दाटतं, दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या, आणि सहा वर्षांत कुणी उच्चारल्या नव्हत्या. आता भोवती कडं जमलं. हायड्रोजनवाल्यांपैकी एकानं ‘दोघांचंही चूक आहे’ म्हणून तोंड घातलं आणि दोघांनी मिळून त्याला असा धुतला की पोरं टाळ्या पिटू लागली. ‘तुमची टाकी म्हणजे चाकावरचा बॉम्ब!’ ‘बॉम्ब तर बॉम्ब, तुमच्यासारखं तळणीचं तेल तर नाही!’ कुणी कार्ब्युरेटर उघडून दाखवत होता, कुणी रस्त्यावर खडूनं आकडे मांडत होता. जेवढं ज्ञान कट्ट्यावर सहा वर्षांत मिळून सांडलं नसेल तेवढं त्या अर्ध्या तासात सांडलं. नंतर एकेकाचे कबुलीजबाब सुरू झाले. कराडच्या एकानं वर्षभर चुकीच्या बाजूला आरसा लावून फोटो टाकले होते. सरनोबतांनी स्वतः, ‘मी करंजतेलात हळद घालतो’ अशी शुद्ध थाप मारली होती, आणि तिला सगळ्यांनी ‘आरोग्यदायी’ म्हटलं होतं. जो तो कुणीतरी आपल्याला चूक म्हणेल म्हणून वाट बघत बसला होता.

हेमलताबाई हसून हसून टेम्पोच्या पायरीवर बसल्या. सहा वर्षांची शांतता डोळ्यांदेखत मोडत होती आणि त्यांना धुळवड खेळल्यासारखं हलकं वाटत होतं. कुणीही काचेचं नव्हतं. सगळे सागवानी होते, जुने, टणक, भांडखोर. त्यांचा ऊर भरून आला.

“बरं झालं बाई,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “आता माझंही सांगून टाका. माझ्यात काय चूक आहे?”

आणि दंगा थांबला.

थोडाथोडका नव्हे, पुरता थांबला. सरनोबत जीपच्या टपाकडे बघू लागले. कराडवाल्यानं बुटाची नाडी बांधायला घेतली. टेम्पोभोवती नेहमीची मानाची मोकळी जागा होती, आणि तिच्या कडेला सगळे उभे होते. बाईंनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळे एकाच कडेला उभे होते. जिकडून वारा येत होता त्या कडेला.

“उदाजीराव,” बाई म्हणाल्या. “सांगा.”

“वैनी,” सरनोबत रुमाल चुरगाळत म्हणाले, “तुमच्या शेवाळतेलाचा वास येतोय.”

“कसला वास?”

“मासळीचा, वैनी. सुक्या मासळीचा. बोंबलाचं पोतं पावसात भिजलं तर येईल तसा. टेम्पोला येतोय, तुमाला येतोय, आन् तुमच्या बाजूला तासभर उभा ऱ्हायलं की आमाला घरच्यांकडनं येतोय.”

हेमलता मगदूमांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नसे.

“माका तर बरो वाटता,” सातार्डेकर मधेच म्हणाले. “घरची आठवण येता. म्हणान तर मी तुमच्या टेम्पोक टेकून रवतंय.”

बाईंच्या पोटातून हसू उसळलं. त्या हसल्या, शेवंताबाई हसल्या, सगळा पायथा हसला. मान म्हणे! सगळ्यांत शेवटी ठेवण्याचा मान! डोळ्यांतून पाणी येईतो त्या हसल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसल्या. कुणीतरी लगेच वाद काढला की शेवाळातला वास चुन्याच्या निवळीनं जातो की कोळशाच्या भुकटीनं, आणि दोन तट पडून पुन्हा हातघाई सुरू झाली.

हसता हसता बाई थांबल्या.

परसातली पिंपं त्यांना आठवली. खाली ज्या खोलीत सन्मती आणि श्रेया राहत, तिची खिडकी परसाकडेच उघडायची. उघडायची का? ती नेहमी बंद असे. थंडी वाजते म्हणायची श्रेया, वैशाखातसुद्धा. मग कचेरी लांब पडू लागली. आणि मग ते रोजचे निरोप, एकाहून एक गोड.

गर्दीपासून थोडं दूर, घाटाच्या कठड्यापाशी जाऊन त्यांनी फोन लावला. पलीकडे तो लगेच उचलला गेला.

“आई? काय झालं? कोण गेलं?” सन्मतीच्या आवाजात धाप होती. कितीतरी दिवसांत त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. तो जरा जाड झाला होता.

“कोणी गेलं नाही रे. मी आंबोलीला आहे. सन्मती, तुम्ही घर सोडून का गेलासा?”

“आई, अगं श्रेयाची कचेरी...”

“पट्टा काढलाय मी,” बाई म्हणाल्या. “तूही काढ. मला सगळं चालतंय. आत्ताच बघून आले, चालतंय.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मागे सरनोबत आणि सातार्डेकर घसा ताणून एकमेकांना मूर्ख ठरवत होते, मोटरसायकल धडधडू लागली होती, शेवंताबाई ‘चला आता!’ म्हणून ओरडत होत्या. बाईंना वाटलं, वासच असेल. दुसरं काय असणार. पिंपं उद्याच्या उद्या हलवू, पोरं परत येतील.

“आई,” सन्मती शेवटी म्हणाला, अगदी हळू. “पहिल्यापासून सांगू?”

हेमलताबाईंनी कठडा धरला आणि खाली बसल्या. पहिली गाडी वळण घेऊन घाटाला लागली. त्यांचा टेम्पो शेवटचा, वेळ होता.

“सांग,” त्या म्हणाल्या.